‘कॅन्सल’ म्हणायची तालीम

शर्वरी चौगुलेच्या घशात इंग्रजी अडकायचं, जांभळाची बी अडकावी तसं. आत जायचं नाही की बाहेर यायचं नाही. कोळेकर सरांनी वर्गात नुसतं “येस, शर्वरी?” म्हटलं की तिला आपलं स्वतःचं नावसुद्धा शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी वाटायला लागायचं. आठवीपर्यंत ती शेवटच्या बाकावर बसली ती याच एका कारणानं. उंच होती म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि हीच शर्वरी दिवाळीची सुट्टी संपवून नववीच्या वर्गात आली, उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मे आय निगोशिएट द होमवर्क?”

कोळेकर सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते सावकाश वळले. त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे. आवाज शर्वरीकडून आलाय हे पटल्यावर म्हणाले, “काय ऑफर आहे तुमची?”

“हाफ टुडे, हाफ मंडे. नो लॉस टू यू, सर.”

सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी गृहपाठ अर्धा केला. त्या दिवशी शर्वरी जयसिंगपूरच्या रस्त्यानं घरी आली ती चालत नव्हे, तरंगत. गळ्यातून शब्द सुटतात तेव्हा किती हलकं वाटतं हे ज्यांच्या गळ्यात कधी काही अडकलंच नाही त्यांना कसं कळणार.

ही सगळी किमया कंठीची. सरकारी कागदावर तिचं नाव आगगाडीएवढं लांब होतं, पण ती गळ्यात घालायची करदोड्याएवढी बारीक पट्टी, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी तिला कंठी म्हणायला सुरुवात केली आणि मग शिक्षकही तेच म्हणायला लागले. त्या वर्षी ती सगळ्या शाळांत आली.

तिचं काम असं. आपण बोलतो त्याच्या थोडं आधी मेंदूकडून घशाच्या स्नायूंना निरोप येतो. मनातल्या मनात बोललं तरी येतो, फक्त हळू. कंठी हा निरोप कातडीवरूनच टिपते. तुम्ही मनात ‘सूट’ म्हणालात की कंठीबरोबर मिळालेल्या, कानात घालायच्या दाण्यात कुणीतरी ‘डिस्काउंट’ कुजबुजतं. आता एवढंच असतं तर तो एक गळ्यात बांधलेला शब्दकोश झाला असता. खरी गंमत पुढची. गळ्यापाशीच एक मोठी नाडी असते, आणि कंठी तिच्यावरही कान लावून बसलेली असते. आपण अचानक जिंकतो, चकित होतो, तेव्हा मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, आणि ते त्या क्षणावर शिक्का मारतं: हे जपून ठेव. कंठी नाडीवरून तो क्षण ओळखते आणि शब्द नेमका तेव्हाच कानात टाकते. शिक्का क्षणावर बसतो तसा शब्दावरही बसतो. घोकंपट्टी नको, वही नको. फक्त मुलांना पुन्हा पुन्हा जिंकवायला पाहिजे.

म्हणून मग गेम आला. त्याचं नाव ‘पेठ’.

‘पेठे’त तुमचं एक दुकान असतं. माल आणायचा, गिऱ्हाईक पटवायचं, समोरच्या शेठला हरवायचं. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी एक बॉस. तो घासाघीस करतो, दमदाटी करतो, मध्येच चीट करतो. तुम्ही त्याला पुरून उरलात की आकाशातून गुलाल पडतो आणि कानात शब्द वाजतो: ‘डील’. ‘प्रॉफिट’. ‘ओनर’. ‘एक्सक्लुझिव्ह’. शर्वरीची नाडी ढोलासारखी वाजायची आणि शब्द आत जाऊन बसायचा तो कायमचा. हरलात तर दुकानाचं शटर धाडकन खाली येतं आणि पलीकडून एक गाढव दात काढून हसतं. तेव्हाही शब्द वाजतोच: ‘लॉस’, ‘रिफंड’, ‘कॅन्सल’. हरण्याच्या क्षणीही मेंदू शिक्का मारतो. शाई तेवढी वेगळी असते.

या शाईचा विचार शर्वरीनं केला नाही. कोण करतं.

तिची आई रूपाली आणि शाहीन मावशी तांबोळी, दोघी मिळून भडंगाचा धंदा करायच्या. ‘दोघींचं भडंग’ असंच पाकिटावर लिहिलेलं. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, आणि शाहीन मावशीच्या हातचा तिखटाचा मसाला. एक भलीमोठी परात मध्ये ठेवून दोघी समोरासमोर बसायच्या आणि चारी हातांनी कालवायच्या. धंद्यातली कुठलीही गोष्ट ठरायची ती या परातीवरच. सांगलीच्या दुकानात माल ठेवायचा का, शेंगदाणा कुणाकडून घ्यायचा, कामाला बाई ठेवायची का, सगळं. कुणाचा फोन आला तर आई म्हणायची, “परातीवर बोलून सांगते.” हात तेलातिखटानं माखलेले असले की माणूस उठून जाऊ शकत नाही, फोन घेऊ शकत नाही, रागानं डोळे पुसले तर स्वतःचेच डोळे जळतात. त्यामुळे दोघींचं भांडण कधी परातीबाहेर गेलं नव्हतं.

त्या वर्षी सिंगापूरहून मिस टॅन यांचा निरोप आला. त्यांची खाऊ विकणारी कंपनी होती, कुणीतरी त्यांना भडंगाचं पाकीट नेऊन दिलं होतं, आणि त्यांना बोलायचं होतं. आता यात एक मेख होती. भाषांतराच्या मशीननं मध्यंतरी एका मोठ्या कराराचा असा विचका केला होता, की तेव्हापासून देशोदेशीच्या व्यापाऱ्यांनी नियमच करून टाकला होता: होकार द्यायचा तो माणसानं, माणसाच्या तोंडानं. कानात दाणा नको, गळ्यात कंठी नको.

“म्हणजे मी,” शर्वरी म्हणाली.

“तूच गं बाई. दुसरं कोण आहे?” आई म्हणाली.

बोलणं ठरलं त्या दुपारी शाहीन मावशी नेमकी मिरजेला, बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली होती. आई म्हणाली, “शाहीन आल्यावर करूया का?” पण मिस टॅननी वेळ दिलेली, त्यात पुन्हा बाहेरच्या देशातली बाई. शर्वरीनं कंठी काढून टेबलावर ठेवली, केस मागे घेतले आणि पडद्यासमोर बसली.

काय बोलली ती पोरगी. नाद खुळा. मिस टॅन ‘सप्लाय’ म्हणाल्या, हिनं ‘स्टॉक’ सांगितला. त्या ‘शेल्फ लाइफ’ म्हणाल्या, हिनं ‘फ्रेश बॅच, एव्हरी वीक’ म्हटलं. मग मिस टॅन त्यांचा प्रस्ताव सांगायला लागल्या. एक्सक्लुझिव्ह डील. सिंगल ओनर. वन सिग्नेचर. बिग प्रॉफिट. शब्दामागून शब्द, आणि प्रत्येक शब्दाबरोबर शर्वरीच्या आत गुलाल उडत होता. कंठी टेबलावर पडली होती, पण शब्द आता कंठीत नव्हतेच, ते तिच्यात होते, आणि आपापला गुलाल घेऊन बसले होते. एकेक शब्द कळत होता. एकही चुकत नव्हता.

“काय म्हणतात?” आईनं विचारलं.

“सगळं मस्त आहे आई. आपलं भडंग फक्त त्याच विकणार, आणि फक्त तुझी एक सही लागणार.”

“माझी?” आई जरा ताठ बसली. “शाहीनला विचारायला नको?”

“आई, बॉस समोर आहे. आत्ता डील म्हणायचं असतं.”

आईनं मान हलवली. शर्वरी पडद्याकडे वळून म्हणाली, “डील.” मिस टॅन हसल्या. कागद सोमवारी सहीला पाठवते, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परात मध्ये होती. शाहीन मावशीनं डोहाळजेवणाच्या गमती सांगितल्या होत्या. वाटीखाली बर्फी निघाली की पेढा यावरून तिथं दोन जावांचं कसं वाजलं, ते सांगताना तिनं दोन्ही जावांचे आवाज काढून दाखवले होते. मग ती म्हणाली, “आता तुझं सांग शरू. काय म्हणाली ती सिंगापूरवाली? सगळं सांग, शिस्तीत.”

शर्वरी उंबऱ्यावर बसून सांगायला लागली. आणि आता ती मराठीत सांगत होती.

“त्यांच्या कारखान्यात मशीनवर बनवणार. मसाल्याची कृती त्यांना द्यायची. आणि त्यांना... एकच मालक पाहिजे. म्हणजे आई. दुसरा जो भागीदार असेल त्याला...”

ती थांबली. हेच शब्द काल इंग्रजीत ऐकताना गुलाल उडाला होता. आज ते जिभेवर येत होते ते नुसते, उघडेबोडके. मालक. भागीदार. हिस्सा. हे शब्द तिनं कुठल्याही गेममध्ये कमावले नव्हते. हे याच खोलीत, याच दोघींच्या तोंडून, चुरमुऱ्याच्या वासात तिच्या कानावर पडले होते.

“त्याला काय?” शाहीन मावशीनं विचारलं.

“त्याला पैसे देऊन मोकळं करायचं. आणि मी काल डील म्हणाले.”

चार हात परातीत थांबले. मग शाहीन मावशीनं आपले दोन बाहेर काढले. अजून कालवणं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. ती उठली, मोरीपाशी गेली, साबण लावून हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले. अर्ध्या कालवणीतून उठून तिनं हात धुतल्याचं शर्वरीनं जन्मात बघितलं नव्हतं.

“मावशी, मी मुद्दाम नाही...”

“तुला कशाला बोलू बाळ. तू नुसती बोलणारी.” मावशीनं आईकडे बघितलं. “मान कुणी हलवली?”

आईचा चेहरा तिच्या हातांसारखाच लाल झाला होता. “मी हलवली,” ती म्हणाली. “सही माझी म्हटल्यावर बरं वाटलं गं मला. खोटं कशाला सांगू. शंभर ठिकाणी आपण दोघी म्हणून जातो, तिथं कुणीतरी फक्त मला विचारत होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.”

“मग कर की सही. मी काय करू, घरी बसून सिरियली बघू?”

“बस खाली. मीठ कमी आहे का बघ.”

“तुझं तू बघ,” म्हणून शाहीन मावशी चपला घालून गेली. परात तशीच राहिली. आईनं एकटीनं कालवायचा प्रयत्न केला, पण मसाला एकीकडे आणि चुरमुरे एकीकडे.

“शरू,” आई म्हणाली, “त्या बाईंना सांग, नाही जमणार म्हणून.”

एवढंच करायचं होतं. शर्वरीनं पडदा सुरू केला, समोर कुणी नसताना एकदा म्हणून बघावं म्हणून तोंड उघडलं. “वी वाँट टू क...”

जांभळाची बी. तिथंच, तशीच, जुन्या जागी. पोटात खड्डा पडला, आणि कुठेतरी शटर धाडकन खाली आल्यासारखं वाटलं. तिनं पाणी पिऊन पुन्हा बघितलं. ‘रिफ्यूज’ नाही. ‘विदड्रॉ’ नाही. होकाराचे सगळे शब्द पायघड्या घालून उभे होते आणि नकाराचा प्रत्येक शब्द गाढवाच्या हसण्यात भिजलेला होता. महिनोन् महिने तिनं इंग्रजी कमावलं होतं आणि त्या अख्ख्या इंग्रजीत तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

ती पळत शाळेत गेली. विज्ञानाच्या महाबळ मॅडम प्रयोगशाळेत काचसामान पुसत होत्या. शर्वरीनं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कंठी फेकून देऊन उपयोग नाही. शिक्का तिच्यावर नाही, तुझ्यावर आहे.”

“मग पुसायचा कसा?”

“पुसता येत नाही. पण हे बघ. आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ती पुन्हा आठवली ना, की थोडा वेळ मऊ पडते, मळलेल्या कणकेसारखी. तेवढ्या वेळात तिच्यावर वेगळा ठसा उठवला तर तोच घेऊन ती पुन्हा घट्ट होते. तुझ्या ‘कॅन्सल’ला भीती चिकटलीय. तो शब्द मुद्दाम आठव, आणि तो मऊ असताना तुला पोट दुखेपर्यंत हसवेल असं कुणीतरी शेजारी बसव.”

पोट दुखेपर्यंत हसवणारी बाई तिला एकच माहीत होती, आणि तीच रुसून बसली होती.

शाहीन मावशी ओसरीत लसूण सोलत होती. शर्वरी समोर जाऊन उभी राहिली. सगळ्या वाटेनं तिनं भाषण जुळवलं होतं. ते तिथं पोचेपर्यंत सांडून गेलं. “मावशी, माझ्याबरोबर गेम खेळतेस? आपल्याला हरायचंय.”

मावशीनं वर बघितलं. “हरायचा गेम?”

“मुद्दाम नुकसान करायचं. सगळे सौदे मोडायचे.”

“मग येईल मला. तुझ्या आईबरोबर धंदा केलाय मी.” आणि ती उठली. ओठांवर हसू नव्हतं, पण लसणाची पाटी तिनं बरोबर घेतली.

त्या संध्याकाळी चौगुल्यांच्या घरात ‘पेठे’चा जो सत्यानाश झाला, तसा गेम बनवणाऱ्यांनी स्वप्नातही बघितला नसेल. मावशीनं शर्वरीची कंठी गळ्यात अडकवली, शर्वरीनं वर्गमैत्रिणीची उसनी आणलेली घातली. पहिला बॉस पडद्यावर आला, मिशीवाला, सोन्याची साखळी घालून. मोठी ऑर्डर देतो म्हणाला. शर्वरीचं बोट दोनदा मागे आलं. तिनं ‘कॅन्सल’वर बोट दाबलं. शटर खाली. गाढव हसलं.

शाहीन मावशीनं त्या गाढवाकडे नीट निरखून बघितलं. “अगं रूपा, इकडे ये लवकर. हा आमच्या इस्माईलदिरासारखा हसतोय गं. दात बघ. हेच दात. लग्नाच्या व्हिडिओत आहेत.”

आई स्वयंपाकघरातून आली, तिनं बघितलं आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. आई हसायला लागली की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. तिला बघून शर्वरीला फुटलं.

“परत दाब,” मावशी म्हणाली. “परत बोलव इस्माईलला.”

ऑर्डर आली की मोडायची. बॉस चिडला की मावशी त्याला म्हणायची, “कॅन्सल रे बाबा, कॅन्सल, जा घरी, जेव जा.” आईनं तर एका श्रीमंत गिऱ्हाइकाला ‘रिफंड’ केलं आणि वर त्याच्याच दुकानाला आग लागू दे म्हणून फटाके विकत घेतले. गाढव हसत होतं, तिघी त्याच्याहून जोरात हसत होत्या, आणि दर हसण्यागणिक कानात शब्द वाजत होता. शर्वरीला आतल्या आत जाणवत होतं ते. आधी खड्डा पडायचा, मग खड्डा उथळ झाला, मग तिथं काहीतरी गुदगुल्यांसारखं राहिलं. लसूण सोलून संपला कधी ते कळलंच नाही.

जाताना शाहीन मावशी चपला घालता घालता आईला म्हणाली, “सोमवारी मी पण बसणार समोर. आणि त्या बाईला सोडायचं नाही. नाही म्हणायचं, पण दार लावून नाही.”

“माल घ्यायचा असला तर आपल्या परातीतला घ्यावा,” आई म्हणाली.

“हां. हे तू आता बोललीस, मान न हलवता.”

सोमवारी तिघी पडद्यासमोर दाटीवाटीनं बसल्या. कंठ्या दोन्ही काढून ठेवलेल्या. मिस टॅन छान हसल्या, कागद तयार आहे म्हणाल्या. शर्वरीनं घसा साफ केला. भीती होतीच. बी घशाशी आली, आणि तिच्यामागून एकदम इस्माईलदिराचे दात आले.

“मिस टॅन,” ती म्हणाली, “वी कॅन्सल द डील.”

आणि तिला हसू आलं. दाबलं तिनं, पण गालात राहिलं. मिस टॅननी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ नकार ऐकले असतील, पण इतक्या आनंदानं दिलेला बहुधा पहिलाच.

“मे आय नो व्हाय?” त्यांनी विचारलं. “इज इट द प्राइस?”

शर्वरी उत्तर जुळवायला लागली. सॉरी म्हणायचं, मग रीझन द्यायचं, मग नवी ऑफर. तेवढ्यात तिच्या मनगटावर शाहीन मावशीचा हात आला. मावशी पुढे सरकली, पडद्यात जवळजवळ डोकंच घातलं तिनं.

“मॅडम,” ती म्हणाली. “नॉट प्राइस. धिस गेम, टू प्लेअर. वन प्लेअर, गेम ओव्हर.” तिनं आईला दंडाला धरून पुढे ओढलं. “शी ओनर. आय ओनर. मशीन, नो. हँड. फोर हँड. यू वाँट, वी मेक. स्मॉल ऑर्डर. फर्स्ट लेव्हल.”

व्याकरणाच्या नावानं सगळा आनंद होता, आणि तरी एक शब्द वाया गेला नव्हता.

मिस टॅननी ते भडंगाचं पाकीट पडद्यासमोर धरलं. अर्धं संपलेलं होतं, तोंडाला चिमटा लावलेला. “ओके. स्मॉल ऑर्डर,” त्या म्हणाल्या. “बट टेल मी. हू मेक्स इट टेस्ट लाइक धिस? व्हिच वन ऑफ यू?”

शर्वरी भाषांतर करायला आईकडे वळली. पण आईचं बोट आधीच शाहीन मावशीकडे गेलं होतं, आणि शाहीन मावशीचं आईकडे.